बोर्ड चांगला, तरी लाट हाताखालून निघून जाते: कोकण-गोव्याच्या पाण्यात दरवर्षी येणारी अडचण

नारळी पौर्णिमा होऊन होड्या पाण्यात गेल्या, पाऊस ओसरला आणि ऑक्टोबर उजाडला की सर्फिंग, म्हणजे बोर्डावर उभं राहून लाटेवरून घसरत जाण्याचा खेळ, शिकणाऱ्यांचे मला एकाच प्रकारचे फोन येऊ लागतात. गेल्या वर्षीचा पहिला फोन माझ्या भाच्याचा होता. "मामा, मी बोर्डावर पालथा झोपून जीव तोडून पॅडल करतोय, हातांनी पाणी मारतोय. लाट येते, मला उचलते आणि पुढे निघून जाते. मी आहे तिथेच." त्याने एका परदेशी पाहुण्याकडून वापरलेला बोर्ड घेतला होता. ६ फूट २ इंच लांब, पावणेएकोणीस इंच रुंद, टोकदार नाकाचा, दिसायला देखणा. भाच्याचं वजन ७४ किलो, आणि लाटेवर तो आठ-दहा वेळाच उभा राहिलेला. किनारा उत्तर गोव्यातल्या हरमलचा.

बोर्डात काही खोट नव्हती. तो ज्या लाटेसाठी घडवला होता, ती लाट हरमलला येत नाही, एवढंच. ही गोष्ट नीट समजली तर पैसे, श्रम आणि एक अख्खा हंगाम वाचतो. म्हणून तक्रारी जशा कानावर येतात तशाच घेऊन एकेकीचं कारण सांगतो.

"लाट उचलते, पण नेत नाही"

दहातल्या सात-आठ जणांची तक्रार हीच असते, त्यामुळे इथे जरा थांबू.

आपल्याकडे पावसाळा सोडला तर सकाळची लाट बहुतेक वेळा गुडघ्यापासून कंबरेपर्यंत असते. साधारण ६० सेंटिमीटरची लाट धरा. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या सुमारे ०.७८ पट झाली की ती फुटते, हा ढोबळ नियम. म्हणजे ही लाट पाऊण मीटरभर पाण्यात फुटणार. तेवढ्या उथळ पाण्यात लाटेचा वेग सेकंदाला सुमारे पावणेतीन मीटर असतो, ताशी १० किलोमीटरच्या आसपास. नवख्या माणसाचं पॅडल ताशी ४-५ किलोमीटरच्या पुढे क्वचितच जातं. उरलेला फरक भरून निघतो तो लाटेच्या उतारावरून घसरताना.

अडचण इथेच आहे. हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी हा सगळा पट्टा सपाट आहे. तळ हळूहळू चढत येतो, त्यामुळे लाट माथ्यावरून फेस सांडत सावकाश फुटते. तिला उभी भिंत नसते, उतार मंद असतो. टोकदार, अरुंद बोर्डाला घसरायला जो तीव्र उतार लागतो तो या लाटेत तयारच होत नाही, आणि तयार होतो तेव्हा लाट फुटून फेस झालेली असते.

बोर्डाच्या नाकाशी आणि शेपटीशी जो बाक असतो त्याला रॉकर म्हणतात. उभ्या, पोकळ लाटेवरून खाली उतरताना नाक पाण्यात घुसू नये म्हणून शॉर्टबोर्डाला, म्हणजे भाच्याच्यासारख्या आखूड टोकदार बोर्डाला, रॉकर जास्त ठेवतात. मंद लाटेवर हाच बाक पाणी ढकलत बसतो आणि ब्रेकसारखं काम करतो. त्यात भाच्याचा बोर्ड जेमतेम २९ लिटरचा. बोर्डाचं आकारमान लिटरमध्ये मोजतात; लिटर जितके जास्त तितका तो जास्त वजन तरंगवतो. त्यावर ७४ किलोचा माणूस झोपला की बोर्ड पाण्याखाली जातो, छाती पाण्यात राहते आणि हात पाणी मागे सारण्याऐवजी शरीर वर धरण्यातच दमतात.

उपाय असा: लांबी, रुंदी आणि लिटर वाढवा, रॉकर कमी करा. शिकणाऱ्याने निदान आपल्या किलोतल्या वजनाइतके लिटर धरावेत, थोडे जास्तच बरे. ७० ते ७५ किलोच्या माणसासाठी ८ फुटी फोम बोर्ड, साडेबावीस इंच रुंद आणि सव्वातीन इंच जाड, म्हणजे ८० लिटरच्या आसपास. हिरव्या, म्हणजे अजून न फुटलेल्या लाटेवर उभं राहून डावी-उजवी दिशा धरता येऊ लागली की ९ फुटी लाँगबोर्ड किंवा साडेसात-आठ फुटी गोल नाकाचा मिनी-माल. आपल्या पाण्यात वर्षातले सर्वांत जास्त दिवस याच दोन बोर्डांवर आनंदात जातात, हे मी मनापासून सांगतो. चांगलं सर्फिंग येणारे लोकही डिसेंबर-जानेवारीत लाँगबोर्डच काढतात. त्यात कमीपणा कसला?

छोटाच बोर्ड हवा असेल तर फिश घ्या. तो आखूड असतो, पण रुंद आणि सपाट. शेपटी दुभंगलेली, फिन (बोर्डाखालचे पर) दोन. ५ फूट १० इंच लांबीला २१ इंच रुंदी मिळते, आणि मंद लाटेवरही तो धावतो. मात्र झटकन उभं राहता येत नसेल तर फिशही तुम्हाला दमवेल.

बोर्डावर लिटर लिहिलेले नसतील तर लांबी, रुंदी आणि जाडी सेंटिमीटरमध्ये मोजा, तिघांचा गुणाकार करून हजाराने भागा. टोकदार शॉर्टबोर्ड असेल तर आलेल्या आकड्याचे साधारण ५५ टक्के धरा, बोथट नाकाचा फोम बोर्ड असेल तर ६५ ते ७० टक्के. भाच्याच्या बोर्डाचा गुणाकार ५४ लिटर आला होता, त्याचे ५५ टक्के म्हणजे २९-३०. विकणारा काहीही सांगो, टेप लावून हे गणित करायला दोन मिनिटं लागतात.

एक सावधगिरी. मोठा बोर्ड सगळ्यांनाच बरा, असं मात्र नाही. ५० किलोची मुलगी ९ फुटी, २३ इंची बोर्डावर झोपली तर तिचे हात कडांवरून पाण्यात नीट पोहोचत नाहीत, काखेत घासून सोलवटतं आणि वाऱ्यात बोर्ड काठावर नेणंही जड जातं. तिला ७ ते साडेसात फुटी, साडेएकवीस इंचाच्या आतला बोर्ड बरा, ५५ ते ६० लिटरचा. शाळकरी मुलांना तर ६ फुटी फोमही पुरतो.

"अंदाजात आकडा तोच होता, मग लाट वेगळी का?"

कारण लाटांच्या अंदाजात उंचीच्या आकड्याशेजारी सेकंदांचा आकडा असतो आणि तो कुणी वाचत नाही. एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या लाटेचा माथा येईपर्यंत जातात ते हे सेकंद. लाटेमागे बळ किती आहे ते यावरून कळतं.

आपल्याकडे तीन ठिकाणच्या लाटा येतात आणि तिघींचा स्वभाव वेगळा. पहिली दूर दक्षिणेच्या महासागरातल्या वादळांमधून निघून हजारो किलोमीटर चालत येते. हिचे सेकंद १४ ते १८. अंदाजात ती अर्ध्या-पाऊण मीटरची दिसते, पण उथळ पाण्यात तळ लागताच फुगते आणि अपेक्षेपेक्षा उंच फुटते. मार्च ते मे या महिन्यांत ती जोरात असते. केरळात हिच्याच मोठ्या रूपाला कळ्ळक्कडल म्हणतात. वारा नाही, पाऊस नाही आणि समुद्र अचानक घरांत शिरतो. दुसरी वायव्येकडून येते. अरबस्तानात हिवाळ्यात शमाल नावाचे वारे सुटतात, त्यांनी उठवलेली. साधारण नोव्हेंबर ते मार्च, सेकंद ६ ते ८. तिसरी आपल्याच दुपारच्या, समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याची, ४-५ सेकंदांची, नुसती खळबळ.

म्हणून ६० सेंटिमीटर आणि १५ सेकंद अशा दिवशी मिनी-मालवर मजा येते, आणि तेच ६० सेंटिमीटर ६ सेकंदांचे असतील तर ९ फुटी बोर्डाशिवाय काही हाती लागत नाही. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंची, सेकंद आणि दिशा तिन्ही विनामूल्य देते. उधाणाचे आणि लाटांचे इशारेही तीच देते. निघण्यापूर्वी ते बघण्याची सवय लावा.

वेळेचंही तसंच. पहाटे जमिनीवरून मतलई वारा वाहतो, तो लाटेला समोरून धरून तिचा चेहरा गुळगुळीत ठेवतो. अकरा-बारापर्यंत खारा वारा सुटतो आणि सगळं विस्कटतं. उन्हाळ्यात तो आणखी लवकर सुटतो. सकाळी सहाला ज्या बोर्डावर तुम्ही चार लाटा घेतल्या तोच बोर्ड दुपारी दोनला नालायक वाटतो. त्याला दोष देऊ नका.

आणखी एक. उत्तरेकडे, रायगड-मुंबईच्या बाजूला हिवाळ्यात लाट इतकी मेलेली का असते, हे अनेक जण विचारतात. तिथे समुद्रातला उथळ कठडा, ज्याला भूखंडमंच म्हणतात, मुंबईसमोर सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो. एवढ्या उथळावरून घासत येताना लाटेचं बळ वाटेतच खर्च होतं. अलिबागला राहणाऱ्या माणसाने बोर्ड घेताना हे ध्यानात ठेवावं, आणि घ्यायचाच तर सर्वांत लांब घ्यावा.

चेन्नईजवळच्या कोवलमचा किंवा महाबलीपुरमचा मित्र ६ फुटी बोर्ड सुचवत असेल तर तो त्याच्या जागी बरोबर आहे. त्याचा किनारा वेगळा, लाटेचे महिने वेगळे. कर्नाटकात मुल्कीला, शांभवी नदीच्या मुखाजवळ, वाळूचे दांडे लाटेला जो आकार देतात तो आश्व्याला मिळत नाही. सल्ला घेण्यापूर्वी सल्ला देणारा कुठल्या पाण्यात उतरतो ते विचारा.

"उभं राहण्याआधीच नाक पाण्यात खुपसतं"

लोक यावर लगेच बोर्ड बदलतात. आधी चार बोटं मागे सरका. बोर्डावर झोपल्यावर नाक पाण्याच्या तीन-चार बोटं वर दिसलं पाहिजे. योग्य जागा सापडली की छातीखाली वॅक्सने (पाय घसरू नयेत म्हणून बोर्डावर घासायचं मेण) किंवा मार्करने खूण करून ठेवा, रोज अंदाजाने झोपू नका. अर्ध्याअधिक लोकांची अडचण इथेच संपते.

तरी नाक जातंच असेल तर किनाऱ्याचा उतार बघा. कोकणात गणपतीपुळ्यासारखे काही किनारे एकदम खोल होतात. तिथे लाट शेवटपर्यंत उभी राहते आणि काठावरच धप्पकन आपटते. अशा लाटेवर सपाट लाँगबोर्डाचं नाक जाणारच. म्हणून तिथे कमी लांबीचा, जास्त रॉकरचा बोर्ड घ्यावा, असं पुस्तकी उत्तर आहे. माझं उत्तर वेगळं आहे: नवख्याने अशा किनाऱ्यावर बोर्ड घेऊन उतरूच नये. आपटणारी लाट मान आणि खांदा मोडते, आणि परतीचं पाणी पाय ओढतं. गणपतीपुळ्याला पोहणाऱ्यांचे जीव गेले आहेत.

मध्यम किनाऱ्यांवर भरती-ओहोटीने फरक पडतो. पुष्कळ ठिकाणी वरची वाळू तिरपी आणि खालची सपाट असते. पूर्ण भरतीला लाट तिरप्या भागावर आपटते, पाणी अर्ध्यावर उतरलं की तीच लाट बाहेरच्या सपाट दांड्यावर हळू फुटू लागते. तेव्हा आधी दोन तास थांबून पाहा.

"उठतो, पण चार हातांवर लाट विरते"

हाही सहसा पाण्याचा प्रश्न असतो. दांडा आणि काठ यांच्यामध्ये खोलगट भाग असला की दांड्यावर फुटलेली लाट तिथे येऊन पुन्हा बसते. लांब बोर्ड आपल्या वेगावर तो खड्डा ओलांडतो, आखूड बोर्ड बुडतो. लाट मंदावतेय असं वाटताच एक पाऊल पुढे टाका, वजन पुढच्या पायावर द्या. मागच्या पायावर रेलून उभं राहायची सवय सगळ्यांना असते आणि बोर्ड तिथेच थांबतो.

मच्छीमार ज्याला उधाण आणि भांग म्हणतात ते सर्फिंग करणाऱ्याने शिकून घ्यावं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण. गोव्याकडे पाणी सुमारे २ मीटर चढतं-उतरतं, मुंबईला ४ ते ५ मीटर. अशा दिवशी एखादा दांडा तास-दीड तासच चांगला चालतो. अष्टमीच्या आसपास भांग. पाणी फारसं हलत नाही, त्यामुळे लाट लहान असली तरी सकाळभर एकाच जागी फुटत राहते. शिकणाऱ्याला भांगाचे दिवस फार चांगले. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून गेल्या रविवारची वेळ या रविवारी लागू होत नाही.

पावसाळ्यात समुद्र काठची वाळू ओढून आत नेतो आणि तिथे दांडा तयार करतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दांडे ठळक असतात, पुढे वाळू हळूहळू काठावर परतते आणि ते विरतात. त्यामुळे ऑक्टोबरात जमलेला बोर्ड जानेवारीत त्याच जागी जमत नाही, तेव्हा जागा पन्नास पावलं बदलून बघा. फक्त रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मच्छीमारांचं मोठं जाळं, ओढायची जागा सोडून. दोर पाण्याखाली लांबवर गेलेले असतात, दिसत नाहीत, आणि ती त्या लोकांची रोजी आहे. काठावर कुणालाही विचारलं तर सांगतात.

"गेल्या वर्षी चालायचा, आता जड झालाय"

बोर्ड पाणी प्यायला आहे. कुठेतरी बारीक तडा असणार, बहुधा फिनच्या खोबणीजवळ किंवा शेपटीच्या टोकाला. सपाट वाळूवर फिन घासतात, खोबण हलते, तिथून पाणी शिरतं. इपॉक्सी (एक प्रकारचं रेझिन) लावून बनवलेल्या बोर्डाच्या आतला पांढरा थर्माकोलसारखा फोम पाणी जास्त शोषतो. बोर्ड उभा करून तडा खाली येईल असा सावलीत ठेवा, पाणी पूर्ण निथळू द्या, त्याला कधी कधी आठवडा लागतो. मगच उन्हात घट्ट होणारं रेझिन, म्हणजे तडा बुजवायचा चिकट द्रव, लावा. ओल्यावर लावलेलं रेझिन काही दिवसांत सुटतं. समुद्रावर असतानाच तडा दिसला तर त्याच क्षणी बाहेर या.

उथळ किनाऱ्यासाठी ९-१० इंचांचा एकच मोठा फिन टाळा. लहान आणि लवचिक फिन लावा, तेही फोम बोर्ड असेल तर मऊ. नवे फिन घेण्यापूर्वी खोबण एफसीएसची आहे की फ्युचर्सची (खोबणीच्या दोन वेगळ्या पद्धती) ते बघा, एकाचे फिन दुसऱ्यात बसत नाहीत.

कोकणचं ऊन बोर्डाचा मोठा शत्रू. बंद गाडीत दुपारी बोर्ड ठेवला तर आतली हवा फुगते आणि वरचा थर सुटतो. अंगठ्याने दाबल्यावर पोचट लागलं तर समजा थर सुटला आहे. वापरलेला बोर्ड घेताना पूर्ण पृष्ठभागावर असं दाबत जा, फिनच्या खोबणी हलवून बघा आणि बोर्ड दोन्ही हातांत धरून वजनाचा अंदाज घ्या.

पाय घसरत असतील तर वॅक्स बघा. आपलं समुद्राचं पाणी २७ ते ३० अंशांचं. थंड पाण्याचं वॅक्स इथे लोण्यासारखं वितळतं. वेष्टनावर ट्रॉपिकल लिहिलेलंच घ्या, खाली बेस कोटचा थर द्या. लीश, म्हणजे पाय आणि बोर्ड जोडणारी दोरी, बोर्डाच्या लांबीइतकी असावी.

मग घ्यायचा कोणता?

घेण्यापूर्वी एक हंगाम भाड्याने वापरा. हरमल, मांद्रे, आश्वे या भागात शिकवणारे आहेत, त्यांच्याकडे वेगवेगळ्या मापांचे बोर्ड मिळतात. दर वेळी वहीत चार गोष्टी लिहा: बोर्डाची लांबी-रुंदी, अंदाजातले सेकंद, भरतीची वेळ, आणि किती लाटा मिळाल्या. दहा सकाळी झाल्या की तुमचा बोर्ड कोणता ते वहीच सांगते. निवड करताना डोळ्यांसमोर वर्षातला सर्वांत मोठा दिवस आणू नका, जानेवारीतला एखादा साधा मंगळवार आणा. मोठ्या दिवशी बोर्ड मागून घेता येतो.

जून ते सप्टेंबर हा विषयच नको. लाटा मोठ्या असतात म्हणून मुलं मोहात पडतात, पण तेव्हा समुद्र गढूळ आणि दिशाहीन असतो, ओढ जबर असते, आणि किनाऱ्यावर लाल बावटा असतो. कुठलाच बोर्ड त्यावर उपाय नाही.

भाच्याने तो देखणा बोर्ड घरी भिंतीला टांगला आणि ८ फुटी निळा फोम बोर्ड भाड्याने घेतला. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, भांगाच्या दिवशी, सकाळी पावणेसातला आम्ही हरमलला उतरलो. लाट मांडीएवढी होती. छातीखाली मार्करची खूण केली होती. पहिल्या दोन लाटा सुटल्या, कारण तो उशिरा वळला. तिसरीला त्याने पाच हात आधी पॅडल सुरू केलं, बोर्ड पाण्यावरून सुटा झालेला मला मागून दिसला, आणि तो उभा राहून थेट रापणीच्या होडीच्या अलीकडपर्यंत गेला. त्या सकाळी त्याच्या वहीत आकडा पडला: अकरा.